घोड्याची शेपूट: खर्च कुठे होतो, फसगत कुठे होते

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पसंत पडला, की इसार देण्याआधी खिशातला पांढरा रुमाल ओला करा आणि शेपटीच्या केसांवरून घट्ट फिरवा. रुमाल काळा झाला तर केस रंगवलेले आहेत. माझी पहिली घोडी घरी आणून धुतली तेव्हा बादलीतलं पाणी शाईसारखं झालं, आणि रंगाखाली निघाले घासून तुटलेले वीतभर खुंट. मग बोटं केसांत घालून मुळापर्यंत न्या. मध्येच गाठ लागली तर गंगावन बांधलेलं असू शकतं. अशा वेळी घोड्याला खाज आहे का, हे तिथेच विचारा. नंतर तो खर्च तुमचा.

शेपटीचा केस महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ९० सेंटिमीटर लांबी भरून यायला पावणेचार वर्षं लागतात. म्हणून गुंता दिसला की कात्री काढणाऱ्या मोतद्दाराला थांबवा. कापायचंच तर टोक जमिनीला लागणार नाही एवढंच, खुराच्या वीतभर वर.

सामान थोडं लागतं: विरळ दातांचा कंगवा, साधा सौम्य शांपू, जुना टॉवेल, बादली. सगळं मिळून अंदाजे ३०० ते ५०० रुपये. ‘घोड्यांसाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या फवाऱ्यांशिवाय अजिबात अडत नाही. लोखंडी खरारा शेपटीला लावू नका, केस तुटतात.

कंगवा आठवड्यातून एकदा, धुणं महिन्यातून एकदा, उन्हाच्या सकाळी. पाऊण तास हाताशी ठेवा. थेट मागे उभे राहू नका. मागच्या पायाजवळ बाजूला उभं राहून शेपूट आपल्याकडे घ्या. आधी कोरडा गुंता बोटांनी सोडवा, टोकाकडून वर जात. मग शांपू पाण्यात विरघळवून घाला आणि हाडावरची कातडी बोटांनी चोळा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, कारण राहिलेल्या शांपूनेही खाज सुटते. खोबरेल फक्त टोकांना, चार थेंब. मुळाशी तेल लावलं की धूळ चिकटलीच.

घोडा भिंतीला बूड घासतोय? तेल-मलमावर पैसे घालवू नका, आधी कारण शोधा. बरेचदा ते एका प्रकारचे जंत असतात. या जंताची मादी गुदद्वाराभोवती अंडी चिकटवते, म्हणून नुसती लीद तपासून तो सहसा सापडत नाही. सकाळी, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथल्या कातडीला दाबून उचला आणि पशुवैद्याला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. सरकारी दवाखाना जवळ नसेल तर १९६२ वर फोन करा. सोबत मागच्या जंतनाशकाची तारीख, छातीचा घेर आणि अंगाची लांबी लिहून न्या. मात्रा वजनावर ठरते. दुकानदाराने दिलेलं गुरांचं औषध पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका. खासगी डॉक्टर घरी बोलावताना फी, गाडीखर्च आणि औषध यांचे आकडे फोनवरच वेगवेगळे विचारा. बिल फुगतं ते गाडीखर्चाने.

पावसाळ्यात खाज वाढत असेल तर बारीक चिलटांचा संशय घ्या. ती पहाटे आणि दिवेलागणीला चावतात. त्या वेळी घोडा आत बांधा आणि तबेल्यात पंखा लावा. वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही.

घोडा टेम्पोतून आणताना पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो. गाडीत बसण्याआधीच तो हातात घ्या, नाक्यावर घासाघीस करायची वेळ येऊ देऊ नका. मागच्या फळीला शेपूट घासू नये म्हणून मुळाशी क्रेप बँडेज गुंडाळा, पण खाली एक बोट सहज जाईल इतकं सैल. घट्ट बांधलं तर रक्त अडतं आणि केस गळतात. घरी पोचल्यावर दाणापाणी नंतर, आधी ते सोडा.