सासऱ्याची रिकामी तिजोरी

मुलांनो, जर्मनीच्या नकाशात कायझर्सलाउटर्न शोधा. हे गाव पॅलाटिनेटच्या पाचव्या फ्रेडरिकचे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स त्याचा सासरा! तरी १६२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी गाव घेतले. जेम्स धावून का आला नाही?

त्याची तिजोरी रिकामी होती. मर्जीतल्या सरदारांवर त्याने पैसा उधळला होता. युद्धासाठी कर बसवायचा, तर पार्लमेंटची संमती हवी. पार्लमेंटने थोडी रक्कम दिली. पण परराष्ट्रधोरणाविषयी बोलताच राजाने ते बरखास्त केले.

१६२३ मध्ये युवराज चार्ल्स आणि राजाचा लाडका बकिंगहॅम माद्रिदला गेले. वेश पालटून, बरे का! स्पेनच्या राजकन्येशी सोयरीक जुळली, तर जावयाचे राज्य परत मिळेल, ही आशा. सोयरीक जुळली नाही. १६३५ मध्ये बादशाही सैनिकांनी कायझर्सलाउटर्न लुटले आणि बहुतेक रहिवासी मारले.