वारसा शेतजमिनींचे कायमस्वरूपी जतन : वाराणसीपासून घ्यावयाचा धडा

वाराणसी म्हटले की घाट आठवतात. शेती सहसा आठवत नाही. वस्तुतः गंगेच्या गाळाने घडलेला हा परिसर जुना व संपन्न कृषिप्रदेश आहे. बनारसी लंगडा आंबा, रामनगरचे भले मोठे वांगे अर्थात ‘भंटा’, बनारसी पान आणि शेजारच्या चंदौलीचा आदमचिनी तांदूळ यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भारतीय भाजीपाला संशोधन संस्थाही येथेच आहे. मात्र वाढत्या नगराबरोबर बागा व भाजीमळे बांधकामाखाली जाण्याचा धोकाही वाढतो. मानांकनाने नावाचे रक्षण झाले. जमिनीचे झाले काय?

मानांकनाची मर्यादा

१९९९ च्या कायद्यानुसार मानांकनाची नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. नावाचा गैरवापर तिने रोखता येतो. जमिनीच्या वापरावर मात्र बंधन येत नाही. उत्तर प्रदेश महसूल संहिता, २००६ च्या कलम ८० अन्वये शेतजमीन औद्योगिक, व्यापारी अथवा निवासी वापरासाठी अकृषिक घोषित करून घेता येते. महाराष्ट्रातही विकास आराखड्यातील शेती विभाग पुढील फेरबदलात निवासी होऊ शकतो. म्हणजे आराखड्यातील हिरवा रंग हे कायमचे संरक्षण नव्हे.

जमिनीला पर्याय का नाही?

नैसर्गिक प्रक्रियेने मातीचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर तयार होण्यास सुमारे १,००० वर्षे लागू शकतात. काँक्रीटखाली गेलेली माती पुन्हा लागवडीस येणे जवळजवळ अशक्य. नदीकाठची मोकळी शेतजमीन पुराचे पाणी सामावते व भूजल भरते. संशोधनाच्या दृष्टीनेही जुने शेत अमूल्य असते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच क्षेत्रावर गव्हाचा प्रयोग चालू आहे. ते क्षेत्र गेले तर तो प्रयोग दुसरीकडे हलविता येणार नाही.

रक्षणाचे तीन मार्ग

१. कायद्याने बंदी : केरळने २००८ मध्ये भातखाचरे व पाणथळ जमिनींच्या रूपांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला.

२. विकासहक्काची खरेदी : अमेरिकेतील सफोक परगण्याने १९७४ मध्ये हा कार्यक्रम स्वीकारला. शासन शेतकऱ्याकडून केवळ बांधकामाचा हक्क मोबदला देऊन विकत घेते. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. जमीन विकली तरी बंधन जमिनीसोबत जाते.

३. जैवविविधता वारसा स्थळ : जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ अन्वये राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून असे स्थळ घोषित करते. पुण्यातील १८७३ पासूनच्या गणेशखिंड उद्यानास २०२० मध्ये हा दर्जा मिळाला. तेथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विभागीय फळ संशोधन केंद्र आहे.

‘कायम’ या शब्दाची कसोटी

रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतच्या सुमारे ७ किलोमीटर गंगापात्रास १९८९ मध्ये कासव अभयारण्याचा दर्जा देण्यात आला होता. तो २०२० मध्ये काढून घेण्यात आला. शासनाने दिलेला दर्जा शासन परत घेऊ शकते. म्हणून अधिसूचनेला स्थानिक पाठबळ व मालकाची संमती यांची जोड हवी.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. गणेशखिंडची जमीन सार्वजनिक आहे. रामनगरच्या भाजी उत्पादकाची जमीन मात्र त्याची एकमेव पुंजी असू शकते. नगराला मोकळी हवा हवी म्हणून त्याचा एकट्याचा तोटा होणे योग्य नाही. कलम ३७ मध्ये अधिसूचनेमुळे आर्थिक झळ बसणाऱ्यांच्या भरपाईसाठी योजना आखण्याची तरतूद आहे. तिचा आग्रह प्रथमपासून धरावा.

आपल्या गावी काय करता येईल?

• जुन्या बागा व मळ्यांचे गट क्रमांक, मृदा परीक्षण, सिंचन व पीकपद्धती यांची नोंद करावी.
• स्थानिक वाण लोक जैवविविधता नोंदवहीत नोंदवावेत.
• जमीनधारकांची संमती घेऊन जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत राज्य मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा.
• भरपाईची मागणी प्रस्तावातच नमूद करावी.
• मानांकित उत्पादनाची एकत्रित विक्री करावी.

यातील शेवटची बाब गौण समजू नये. शेती परवडली तरच शेतकरी ती राखतो. मानांकनामुळे मिळणारा वाढीव दर शेतकऱ्याच्या हाती पडला, तर नाव जमिनीला आधार देईल. आणि जमीन राहिली, तरच त्या नावाला अर्थ राहील.