हातपाय हलत होते, तरीही

कटिंग झाली, चंपी झाली की सलूनमधला कारागीर एक हात हनुवटीखाली घालतो, दुसरा डोक्यामागे, आणि क्षणभर थांबून मान झटक्यात वळवतो. कडकन आवाज आला की आपल्याला मोकळं वाटतं. त्याचे कुणी वेगळे पैसेही घेत नाही. अशी मान मोडून घेतल्यानंतर काही दिवसांनी मला ब्रेन स्ट्रोक झाला. वय ४४. बीपी नाही, साखर नाही, तंबाखूचं व्यसन नाही. आणि तो स्ट्रोक आहे हे कळायला अख्खा दिवस गेला, कारण माझे दोन्ही हात आणि दोन्ही पाय व्यवस्थित चालत होते.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या चार. दोन गळ्याच्या पुढच्या बाजूने जातात, दोन मानेच्या मणक्यांतून. या मागच्या धमन्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सहाव्या मणक्यापासून वर प्रत्येक मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. त्या भोकांतून धमनी वर चढते, सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालते आणि कवटीत शिरते. आपण मान वळवतो तेव्हा जवळजवळ निम्मं वळण वरच्या दोन मणक्यांमधल्या सांध्यात घडतं, आणि धमनीला ताण बसतो तोही तिथेच. झटका जोराचा असला तर तिचं आतलं अस्तर फाटू शकतं. मग रक्त भिंतीत शिरतं, तिथे गुठळी धरते, आणि ती गुठळी किंवा तिचा तुकडा पुढची फांदी बंद करतो.

मान मोडून घेणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही, हे खरं. पण अस्तर फाटणं हे पन्नाशीच्या आतल्या माणसांना होणाऱ्या स्ट्रोकचं एक महत्त्वाचं कारण आहे. १९९३ साली अमेरिकेत मायकेल वाइनट्रॉब या डॉक्टरांनी ब्युटी पार्लरमध्ये केस धुताना मान बेसिनवर मागे टाकल्यानंतर स्ट्रोक झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. तिथे तर झटकाही नव्हता, मान फक्त बराच वेळ मागे वाकलेली होती.

माझं पहिलं लक्षण होतं दुखणं. मानेच्या उजव्या बाजूला, कानामागून डोक्याकडे चढणारं, आधी कधीच न दुखलेल्या जागी. घरी सगळ्यांच्या मते मान लचकली होती. बाम लावला, शेक घेतला. मग एका सकाळी दात घासताना भिंत तिरकी झाली आणि मी उजवीकडे कोसळलो. उलट्या सुरू झाल्या. बायकोने पित्त समजून कोकम सरबत दिलं. पहिल्याच घोटाला असा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. गल्लीतल्या दवाखान्यात मला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले. तोंड सरळ, हात सरळ. 'कानातला तोल बिघडलाय' असं सांगून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. संध्याकाळपर्यंत आवाज बसला, उचकी थांबेना. उजवी पापणी खाली आलेली बायकोला दिसली, तेव्हा तिने कुणालाही न विचारता गाडी मिरजेला घ्यायला लावली.

तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी केलेली तपासणी मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी एक धातूचा चिमटा बर्फात बुडवला आणि माझ्या डाव्या गालाला लावला. गार. उजव्या गालाला लावला, तर स्पर्श कळला, गारवा नाही. मग पाय. उजव्या पायाला गार, डाव्याला काहीच नाही. चेहरा उजवा आणि अंग डावं. बाई सहायकाला म्हणाल्या, 'सीटी नॉर्मल असला तरी एमआरआय करा, मस्तिष्कपुच्छाची उजवी कड बघा.' मस्तिष्कपुच्छ म्हणजे मेंदूचा सगळ्यात खालचा भाग. एमआरआयमध्ये नेमकी तीच जागा निघाली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ आणि त्यांची कामं मुलांकडून पाठ करून घेतो. पण हे भाग एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, ते मला रुग्णालयाच्या खाटेवर समजलं. हातापायांना हलण्याचा हुकूम प्रमस्तिष्कातून निघतो आणि मस्तिष्कपुच्छाच्या पुढच्या भागातून जाताना बाजू बदलतो. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग लुळं पडतं. माझी इजा पुढे नव्हतीच, कडेला होती. मस्तिष्कपुच्छ जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचं. त्याच्या कडेला गिळण्याची आणि आवाजाची केंद्रं, तोल सांभाळणाऱ्या पेशी, अनुमस्तिष्काकडे जाणारे तंतू आणि डोळ्याच्या पापणीपर्यंत पोचणाऱ्या चेतांची वाट एकमेकांना खेटून असतात. वेदना आणि तापमान यांच्या दोन वाटाही तिथूनच जातात. अंगाकडून येणारी वाट मेरुरज्जूत शिरल्या शिरल्या बाजू बदलून आलेली असते, चेहऱ्याची अजून बदललेली नसते. म्हणून एकाच जागेच्या इजेने उजवा चेहरा आणि डावं अंग बधिर होतं. १८९५ साली आडोल्फ वॉलेनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी एका रुग्णाच्या नुसत्या लक्षणांवरून ही जागा सांगितली होती, आणि १९०१ मध्ये शवविच्छेदनाने ती खरी ठरली. आजही या आजाराला त्यांचंच नाव आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोबडी वळणं ही लक्षणं घराघरात माहीत हवीतच, पण तेवढ्यावर थांबू नका. अचानक चक्कर आली आणि माणसाला आधाराशिवाय उभं राहता येत नसेल, तर ती नेहमीची चक्कर समजू नका. जोडीला एकाच्या दोन वस्तू दिसणं, आवाज घोगरा होणं, गिळताना ठसका, न थांबणारी उचकी, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं किंवा मानेत नव्याने सुरू झालेलं दुखणं, यांतलं एखादंही असेल तर १०८ ला फोन करा आणि सीटी-एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात चला. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हा वेळ लक्षण दिसल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. तेव्हा ती वेळ कागदावर लिहून न्या. माझ्या बाबतीत ते तास दवाखान्यातून परत येऊन पडून राहण्यात गेले.

डॉक्टरांना चालून दाखवा, निदान खाटेच्या कडेला आधाराशिवाय बसून तरी दाखवा. मागच्या मेंदूचा बिघाड झोपलेल्या माणसात लपतो. मान मोडून घेतली असेल तर तेही आपण होऊन सांगा, कारण कुणी विचारत नाही. सुरुवातीचा सीटी नॉर्मल आला म्हणून घरी जायची घाई करू नका. कवटीच्या मागच्या भागातला ताजा स्ट्रोक सीटीत बहुधा दिसत नाही, आणि अनुमस्तिष्काला सूज आली तर ती श्वास चालवणाऱ्या मस्तिष्कपुच्छावर दाब आणते. असा माणूस रुग्णालयातच हवा.

आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका, पाण्याचा घोटही नाही, गोळीही नाही. भेटायला येणारी माणसं मायेने शहाळं आणतात, चहा पाजतात. तो श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. मला नाकातून रायल्स ट्यूब होती, त्यातूनच पेज दिली जायची. पुढे स्पीच थेरपिस्टने हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवलं, आधी घट्ट पदार्थ, पाणी सगळ्यात शेवटी. आता मी भाकरी खातो, वर्गावर शिकवतो. डाव्या अंगाला ऊनगार अजून कळत नाही, म्हणून आंघोळीच्या पाण्याचा अंदाज उजव्या हातानेच घेतो.

आमच्या गावातल्या सलूनवाल्यांशी मी स्वतः जाऊन बोललो. डोकं, खांदे, पाठ दाबायला काहीच हरकत नाही, फक्त मानेला झटका नको, आणि केस धुताना मानेखाली जाड टॉवेल हवा. बहुतेकांनी ऐकलं. एकाने विचारलं, 'गिऱ्हाईकच मागतं, त्याला काय सांगू?' त्याला माझा एमआरआयचा रिपोर्ट दिला आणि आरशाशेजारी लाव म्हणालो. त्याने लावला आहे.