नाकाचे दुसरे ऑपरेशन : घाई नको

लग्न जमावे म्हणून मुलीच्या नाकाचे ऑपरेशन केले, पण नाक मनासारखे झाले नाही. आता दुसऱ्यासाठी कर्ज काढायचे का? आमचे सांगणे : निदान १२ महिने थांबा. शेंड्याची सूज उतरायला तेवढा काळ लागतो. दुसरे ऑपरेशन अवघड असते. आतली कातडी जखमेने घट्ट झालेली असते, कूर्चा म्हणजे मऊ हाड कमी पडले तर कानाचे किंवा बरगडीचे घ्यावे लागते.

ताप, पू किंवा रक्त येत असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास कोंडत असेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पहिल्या ऑपरेशनचे कागद लेखी मागा. ते ७२ तासांत मिळणे हा आपला हक्क आहे.

आणि नाकावरून मुलीची किंमत करणारे स्थळ आपणच नाकारावे.