फर्निचरला अनेकवचन का नाही

चि. सायली,

इंग्रजीतले नामाचे पाच प्रकार तुला घडाघडा म्हणता येतात, पण निबंध लिहायला बसलं की नामाआधी ‘अ’ घालायचा की नाही, शेवटी ‘एस’ जोडायचा की नाही, इथे गाडी अडते, असं तू कळवलंस. माझं मत सरळ सांगतो. दोष तुझ्या पाठांतराचा नाही. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरिअल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ही वाटणी नाम कशाचं आहे एवढंच सांगते. वाक्यात ते कसं वागतं याबद्दल ती जवळजवळ गप्प असते. आणि वाक्य बरोबर की चूक हे तर वागण्यावरून ठरतं. म्हणून तू आधी मनात पक्की करायला हवीस ती वाटणी वेगळीच आहे: काउंटेबल आणि अनकाउंटेबल, म्हणजे गणनीय आणि अगणनीय.

कलेक्टिव्ह नाउन तपासून पाहा. समूहाला दिलेलं नाव, ही त्याची व्याख्या. तिच्यात कमिटी बसते, कॅटल बसतं आणि ताणून बसवलं तर फर्निचरही बसतं. पण यातल्या कमिटीचं कमिटीज होतं, तिच्याआधी ‘अ’ चालतो, क्रियापद सहसा एकवचनी येतं, आणि मनात एकेक सभासद असेल तर ब्रिटिश लेखक अनेकवचनीही वापरतात. कॅटल मात्र नेहमीच अनेकवचनी: ‘द कॅटल आर ग्रेझिंग’. फर्निचर याच्या अगदी उलट. घरभर असलं तरी एकवचनी, ‘अ’ नाही, ‘एस’ नाही, आणि एकच नग सांगायचा तर ‘अ पीस ऑफ फर्निचर’ असा वळसा. पाटी एकच, वागणं तीन तऱ्हांचं. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्येही हाच घोळ आहे. आयडिया आणि अ‍ॅडव्हाइस दोन्ही हाताला न लागणाऱ्या गोष्टी. तरी ‘अ‍ॅन आयडिया’ बरोबर आणि ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ चूक. मटेरिअलची स्थिती आणखी डळमळीत. आयर्न हा धातू असेल तर अगणनीय. कपड्यांवर फिरवायची इस्त्री असेल तर ‘अ‍ॅन आयर्न’. ग्लास आणि पेपर यांचंही तसंच. म्हणजे प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो, त्या वाक्यातल्या अर्थाला असतो.

यावर तू म्हणशील, मोजता येतं ते गणनीय, येत नाही ते अगणनीय. यात शिकायचं काय? नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. पैसे आपण रोज मोजतो, तरी मनी अगणनीय आहे. गणनीय असतो तो शब्द. वस्तूचा त्याच्याशी थेट संबंध नाही. आपल्या स्वयंपाकघरात डोकावलीस तर पटेल. आपण ‘तांदूळ संपले’ म्हणतो पण ‘भात संपला’ म्हणतो. ‘पोहे संपले’ पण ‘ज्वारी संपली’. ज्वारीचे दाणे काही एकमेकांना चिकटलेले नसतात. तांदूळ आणि भात या दोघांना इंग्रजीत राइस हा एकच शब्द, आणि तो एकवचनी. इंग्रजांच्या घरातही सुसंगती नाही: व्हीट एकवचनी, तर ओट्स अनेकवचनी. केस पांढरे झाले हे आपल्याला अनेकवचनी दिसतं, म्हणून आपल्याकडचा विद्यार्थी ‘हर हेअर आर व्हाइट’ लिहितो. बातम्या अनेक असतात, म्हणून ‘न्यूज आर’ लिहितो. सल्ले देता येतात, म्हणून ‘अ‍ॅडव्हायसेस’ करतो. या चुका आळसातून येत नाहीत. मराठीचा हिशोब इंग्रजीच्या वहीत उतरवला की त्या होतात, आणि शहाणपणाच्या जोरावर त्या टाळता येत नाहीत, कारण आपलं शहाणपण मराठीत घडलेलं असतं.

दुसरी हरकत परीक्षेची. अधोरेखित नामाचा प्रकार ओळखा, असा प्रश्न आला तर? तर ओळख आणि गुण घे. पाच प्रकार विसर असं मी म्हणत नाही. प्रॉपर नाउन कळल्याशिवाय कॅपिटल अक्षर कुठे घालायचं ते कळणार नाही. (अर्थात तिथेही महाराष्ट्राआधी ‘द’ नाही आणि गोदावरीआधी आहे, हे प्रकाराच्या नावातून समजत नाही.) काइंडपासून काइंडनेस, फ्रीपासून फ्रीडम अशी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नामं घडवता येणं शब्दसंग्रहाला उपयोगी आहे. पण स्पर्धा परीक्षांतले वाक्यातली चूक शोधण्याचे प्रश्न नीट बघ. ‘फर्निचर्स’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘मेनी लगेज’ यांसारख्या जागीच सापळा लावलेला असतो.

तिसरी हरकत मला जास्त वजनदार वाटते. भाषा बदलते, मेल हा टपालाच्या अर्थी अगणनीय असताना ‘इमेल्स’ सर्वमान्य झालं, मग भारतात कोट्यवधी लोक ‘फर्निचर्स’ म्हणू लागले तर ते चूक का? उद्या कदाचित नसेलही. व्याकरण वापरामागून चालतं हे खरं. पण तुझा अर्ज, तुझा निबंध आजचा वाचक वाचणार आहे, आणि त्याला तो ‘एस’ खटकतो. नियम मोडायचाच तर आधी तो माहीत असावा.

मग शिकायचं कसं? आपल्याकडच्या कित्येक पिढ्या ‘रेन आणि मार्टिन’ यांचं व्याकरण वाचून शिकल्या. यातले पी. सी. रेन ब्रिटिश अमदानीत इथल्या शिक्षण खात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ ही गाजलेली साहसकथाही त्यांचीच, १९२४ सालची. ते व्याकरण जवळ असू दे. पण या कामासाठी खरं साधन म्हणजे शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. ए. एस. हॉर्न्बी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. जपानीतही ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलांची अडचण तुझ्यासारखीच. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. नाम गणनीय की अगणनीय हे त्यात दाखवलेलं होतं. आजच्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशातही नामाच्या अर्थापाशी ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर असतं. आपण अर्थ वाचतो आणि ते अक्षर ओलांडून पुढे जातो.

नवं नाम वहीत उतरवताना ते एकटं लिहू नकोस. ‘मच’ की ‘मेनी’, ‘लिटल’ की ‘फ्यू’, एक नग कसा सांगायचा, हे सोबत लिही. वर्कशेजारी जॉब लिही, ट्रॅव्हलशेजारी ट्रिप. पहिला अगणनीय, दुसरा गणनीय, अर्थ जवळपास तोच. अशा जोड्या लक्षात राहिल्या की अडलेलं वाक्य दुसऱ्या वाटेने सोडवता येतं. सध्या लगेज, ट्रॅफिक, होमवर्क, इक्विपमेंट, एव्हिडन्स आणि एक्सपिरियन्स एवढी सहा नामं घे. कोशातलं अक्षर बघून प्रत्येकाची दोन वाक्यं कर आणि मला पाठव. एक्सपिरियन्सपाशी दोन्ही अक्षरं सापडतील. त्याची वाक्यं जास्त विचार करून लिही.

तुझा,
मामा