पुलाला छप्पर कशासाठी?

घराला छप्पर असते, ते माणसांसाठी. पण पुलावर कोणी राहत नाही. मग त्याला छप्पर कशाला? अमेरिकेच्या ईशान्य भागातील खेड्यांत असे छप्पर असलेले लाकडी पूल पूर्वी पुष्कळ होते. हे छप्पर वाटसरूंसाठी असावे, असे प्रथम वाटते. खरे कारण निराळे आहे.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी राहिले, तर बुरशी वाढत नाही. उघड्या पुलाच्या सांध्यांत पावसाचे पाणी साचते आणि तेथूनच तो कुजू लागतो. छप्पर व बाजूच्या फळ्या पुलाचा मुख्य सांगाडा कोरडा ठेवतात. त्या खराब झाल्या तर सहज बदलता येतात. सांगाडा बदलणे सोपे नसते.

हा सांगाडा म्हणजे लाकडी कैची. चार पट्ट्या टोकांना एकेक खिळा मारून जोडा. चौकट दाबताच तिरकी होते. आता एक पट्टी कर्णावर जोडा. दोन त्रिकोण तयार होतात आणि चौकट हलत नाही. कैचीचे बळ या त्रिकोणांत असते.

न्यूयॉर्क राज्यात ब्लेनहाइम येथे स्कोहॅरी नदीवर निकोलस पॉवर्स या कारागिराने १८५५ साली असाच पूल बांधला. मध्ये एकही खांब न घेता त्याने सुमारे २१० फूट (६४ मीटर) अंतर ओलांडले होते. पुलाला तीन कैच्या होत्या. मधल्या कैचीत मोठी लाकडी कमान बसवली होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी एकेक रस्ता होता. १९३० नंतरच्या दशकात शेजारी पोलादी पूल झाला आणि जुना पूल केवळ पादचाऱ्यांसाठी उरला.

२८ ऑगस्ट २०११ रोजी ‘आयरीन’ वादळाने नदीला महापूर आला आणि हा पूल वाहून गेला. १५६ वर्षे छपराने त्याला पावसापासून वाचवले होते. पण खालून चढणाऱ्या पाण्यापुढे छपराचा काय उपयोग? पुढे त्याच जागी तसाच लाकडी पूल पुन्हा उभारला गेला. तो २०१८ साली पूर्ण झाला. या वेळी मात्र तो पूर्वीपेक्षा उंचावर बसवला आहे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. आपल्याकडील जुन्या वाड्यांत लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर का उभे केलेले असतात?