भविष्यकथन, सिद्धी आणि संतांची चिकित्सा : नामदेवचरित्रातील काही प्रसंगांच्या आधारे

१. प्रस्तावना

मराठी संतवाङ्मयाच्या अध्यापनात चमत्काराचा प्रश्न वारंवार उपस्थित होतो आणि बहुधा तो अर्धवटच सोडून दिला जातो. एका बाजूस संतचरित्रातील प्रत्येक चमत्कार अक्षरशः घडला असे मानणारी श्रद्धाळू वाचनपद्धती आहे. दुसऱ्या बाजूस हे सारे कथाभाग भाबड्या समाजाची निर्मिती म्हणून बाजूला सारणारी निरासवादी पद्धती आहे. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही पद्धतींत एक साम्य आहे. चमत्कारकथेत संशय घेणारे, परीक्षा पाहणारे, प्रश्न विचारणारे जे पात्र असते, त्याच्याकडे दोघींचेही दुर्लक्ष होते.

स्वतःस सिद्ध, द्रष्टा किंवा ईश्वराचा निकटवर्ती म्हणवून घेणाऱ्याविषयीचा संशय संतपरंपरेला बाहेरून येऊन चिकटलेला नाही, तो तिच्या अंतरंगातच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी नामदेवचरित्रातील काही प्रसंग आणि एकनाथ, तुकाराम, रामदास यांचे भविष्यवादी व करामती गुरू यांविषयीचे विवेचन विचारात घेतले आहे. या विषयाचा हिंगोली जिल्ह्याशी संबंध केवळ प्रादेशिक अभिमानाचा नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात कयाधूकाठचे नर्सी हे परंपरेने मानलेले नामदेवांचे जन्मगाव आहे, आणि ज्या ठिकाणी नामदेवांना गुरूपदेश झाला असे सांगतात ते औंढा नागनाथही आहे. जन्मस्थळाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत, तसेच गुरूपदेशाच्या स्थळाविषयीही परंपरांत एकवाक्यता नाही. या वादाचा निर्णय करणे हे येथे अभिप्रेत नाही. प्रसंगांचा आशय पाहणे एवढेच प्रयोजन आहे.

२. कच्चे मडके : स्वयंघोषणेची परीक्षा

नामदेव (१२७०–१३५०) हे विठ्ठलाचे लाडके, देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, ही परंपरेतील सर्वमान्य धारणा. अशा भक्ताविषयी परंपरेने शंका घेऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिने नेमकी उलट गोष्ट केली आहे. तेरढोकी येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कुंभाराच्या थापटण्याकडे बोट दाखवून मडकी पारखण्यास सांगितले आणि गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले, ही कथा सर्वपरिचित आहे. इतर संतांनी तो प्रहार मुकाट्याने सोसला. नामदेव मात्र रागावले आणि कच्चे ठरले.

या कथेची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. येथे परीक्षक पंडित नाही, शास्त्री नाही. तो आपल्या व्यवसायातील अनुभवाने भाजलेले व न भाजलेले यांतील फरक आवाजावरून ओळखणारा कारागीर आहे. परीक्षेचा विषयही लक्षणीय आहे. देव नामदेवांशी बोलतो की नाही, हे कोणी तपासत नाही. ‘देव माझ्याशी बोलतो’ या जाणिवेने माणसात काय शिल्लक राहिले आहे, अहंकार की नम्रता, हे तपासले जाते. म्हणजेच अलौकिक दाव्याची कसोटी लौकिक वर्तनात शोधली जाते. ज्याची ईश्वरनिकटता परंपरेला पूर्णपणे मान्य आहे त्यालाच या कसोटीतून सूट मिळत नसेल, तर इतर कोणत्याही ‘साक्षात्कारी’ व्यक्तीस ती मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. चौदाशे वर्षांच्या योगसामर्थ्याचा अभिमान बाळगणाऱ्या चांगदेवाला मुक्ताबाईचे शिष्यत्व पत्करावे लागते, ही कथाही याच जातीची आहे.

३. औंढ्याचा प्रश्न

कच्चे ठरलेले नामदेव विसोबा खेचरांकडे जातात. विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचे विरोधक होते, ही परंपरेतील नोंद येथे अर्थपूर्ण ठरते. संशयातून श्रद्धेकडे आलेला माणूस येथे गुरू झाला आहे. नामदेव पाहतात तो वृद्ध विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी आक्षेप घेताच, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे ते सांगतात. लोककथेत पुढे पाय ठेवावा तेथे लिंग प्रकटते.

हा चमत्कार कथेतून वगळला तरी तिचा युक्तिवाद अबाधित राहतो. देव सर्वत्र आहे हे तत्त्व नामदेवांना ठाऊक होते. ते तत्त्व आपल्याच आक्षेपाशी विसंगत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. विसोबांचा प्रश्न ही विसंगती उघडी करतो. उलटपक्षी प्रश्न काढून टाकून चमत्कार तेवढा ठेवला, तर उरतो तो केवळ एका सिद्धपुरुषाच्या सामर्थ्याचा दाखला. परंपरेने विसोबांच्या नावावर सांगितलेल्या उपदेशात पाषाणमूर्ती बोलत नाही, घाव बसता फुटते, हा विचार येतो. त्यावरूनही या प्रसंगाचे केंद्र कोठे आहे हे स्पष्ट होते.

४. सुलतानाची मागणी

१६०४ मध्ये संकलित झालेल्या शीखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावे ६१ पदे आहेत. उपलब्ध नामदेवगाथेत विष्णुदास नामा आदी उत्तरकालीन ‘नाम्यां’ची रचना मिसळली असल्याने या पदांचे साक्ष्य महत्त्वाचे ठरते, अर्थात मौखिक परंपरेतून आलेल्या या पदांचे कर्तृत्वही निःशंक मानता येत नाही. एका पाषाणावर पाय द्यावा आणि दुसऱ्याला देव म्हणावे, या विसंगतीवर त्यांतील एका पदात बोट ठेवले आहे. भैरव, भुते, शीतला यांच्या मागे धावणाऱ्यांचा उपहास दुसऱ्या एका पदात येतो.

भैरव रागातील एक दीर्घ पद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. सुलतान नामदेवांना बांधून आणतो आणि मेलेली गाय जिवंत करून दाखव, असे फर्मावतो. नामदेवांचे पहिले उत्तर असे की, आपल्या करण्याने काही होत नाही. राम करील तेच होईल. पदाच्या शेवटी गाय जिवंत होते, हे खरे. परंतु चमत्काराची मागणी येथे सत्तेकडून आली आहे, भक्ताने ती मांडलेली नाही. सुलतान शरण येतो तेव्हा नामदेव त्याच्याकडून स्वतःची पूजा मागत नाहीत. सुलतानाने सत्याने व शीलाने चालावे, हेच या प्रचीतीचे प्रमाण, असे ते सांगतात. करामतीचे प्रमाण करामतीत नसून ती पाहणाऱ्याच्या पुढील आचरणात आहे, हा विचार त्यातून निष्पन्न होतो.

देऊळ फिरल्याच्या कथेचाही असाच पुनर्विचार करता येतो. औंढ्यास नामदेवांसाठी मंदिर फिरले असे सांगतात. आदिग्रंथातील पदांत स्थळाचा उल्लेख नाही. मात्र शूद्र म्हणून देवळातून हुसकावून लावल्याचे दुःख तेथे स्पष्ट आहे. अशा वाचनात मंदिराचे फिरणे हे संताच्या सामर्थ्याचे प्रदर्शन न राहता बहिष्काराविरुद्धची फिर्याद होते. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) अशा कथांना लोकप्रिय रूप दिले, त्यांतील आश्चर्याचा भाग टिकला आणि फिर्यादीचा भाग पुष्कळदा विसरला गेला.

५. जोशी, शकुन आणि करामत

नामदेवांनंतरच्या काळात हा संशय अधिक थेट शब्दांत व्यक्त झाला. एकनाथांनी (१५३३–१५९९) जोशी, पिंगळा यांसारख्या दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्यांचे रूप भारुडात घेतले. त्यांचा जोशी होरा सांगतो खरा. पण तो ग्रहांचा नसून मनाचा असतो. मनाच्या नादी लागलास तर फसशील, हे त्याचे भाकीत. भविष्यकथनाची भाषा तशीच ठेवून एकनाथांनी तिच्यातील दैव काढून घेतले आणि त्या जागी कृती व परिणाम यांचा संबंध ठेवला. ज्या भटक्या जोशीवर्गाचे हे रूप आहे त्याची टवाळी या भारुडात नाही, ही गोष्टही नमूद करावयास हवी.

तुकारामांची भूमिका याहून कठोर आहे. शकुन जाणणारे, भूत-भविष्य-वर्तमान सांगणारे यांचा आपणास कंटाळा येतो, असे ते एका अभंगात म्हणतात आणि त्याच अभंगात ऋद्धिसिद्धीचे साधक व वाचासिद्ध यांना त्यांच्याच पंक्तीस बसवितात. पुण्य सरताच या साऱ्यांची अधोगती ठरलेली आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नवसाने अपत्य होते या समजुतीलाही त्यांनी प्रपंचातील साध्या कार्यकारणभावाने छेद दिला. रामदासांनी ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकातील गुरुलक्षणाच्या समासात, करामत दाखविणाऱ्यास लोक गुरू म्हणत असले तरी तो सद्गुरू नव्हे, असा भेद केला आहे.

या सर्वांना आधुनिक अर्थाने बुद्धिवादी ठरविणे मात्र इतिहासाचा विपर्यास करणारे होईल. शकुन खोटे ठरतात म्हणून तुकाराम ते नाकारीत नाहीत. ज्याने आपला भार देवावर टाकला त्याला उद्याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही, म्हणून नाकारतात. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी केलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून त्या हुशार मुलांच्या की मतिमंद मुलांच्या हे सांगितले. अचूकतेचे प्रमाण सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा अधिक नव्हते. ही चिकित्सा सत्यासत्याची आहे. संतांची चिकित्सा शीलाची आहे. दोहोंची पद्धती भिन्न असली तरी दावा करणाऱ्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार दोघीही मान्य करतात.

६. समकालीन संदर्भ

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी विधेयक विधिमंडळात संमत झाले. दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन या अधिनियमाने निषेधातून वगळले आहे, तसेच जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले यांचा सल्लाही वगळला आहे. कायद्याचा रोख अंगी अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून फसवणूक, दहशत वा शोषण करणाऱ्यावर आहे. म्हणजे कथा सांगणारा आणि कथेच्या आधारे लुबाडणारा यांत कायद्याने फरक केला आहे. कायदा जेथे थांबतो तेथे वाङ्मयाच्या अध्यापकाचे काम सुरू होते. नामदेवांच्या चमत्काराची कथा गुन्हा नव्हे. पण तीच कथा आजच्या एखाद्या बुवाच्या समर्थनार्थ पुरावा म्हणून पुढे केली जाते, तेव्हा तिचा पूर्ण पाठ वर्गात वाचला गेलेला असणे अगत्याचे ठरते.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संतपरंपरेत ईश्वरनिकटतेचा दावा परीक्षेस पात्र मानला गेला असून खुद्द नामदेवही त्यास अपवाद नाहीत. दुसरी, या परीक्षेचे निकष अहंकार, आचरण आणि प्रश्न सोसण्याची तयारी हे आहेत. भाकिताची अचूकता किंवा करामत हे नाहीत. तिसरी, अनेक चमत्कारकथांचा गाभा एखादा प्रश्न, नकार किंवा फिर्याद असा आहे, आणि आश्चर्याचा भाग त्याभोवतीचे वेष्टन आहे.

नर्सी आणि औंढा ही दोन गावे एकाच जिल्ह्यात आहेत, या योगायोगाला वाङ्मयीन अर्थ देता येतो. नर्सीच्या नामदेवांना परंपरेने गोरोबांच्या घरी कच्चे म्हटले आणि औंढ्यास पक्के केले. मधल्या प्रवासात त्यांना रागावण्याची, तक्रार करण्याची आणि शिकण्याची मुभा होती. स्वयंघोषित सिद्धाच्या चरित्रात नेमकी ही मुभा आढळत नाही. तो आरंभापासूनच पूर्ण असतो. संतचरित्र आणि बुवाचरित्र यांतील भेद विद्यार्थ्यास दाखवावयाचा असेल, तर तो चमत्कारांच्या संख्येत नव्हे, या प्रवासाच्या असण्या-नसण्यात दाखविणे अधिक युक्त होईल.